नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वारानं केवढी उलथापालथ होते पाहा! बाळाचं नाव ठेवतात ते बाराव्या दिवशी, पाळणा सजवून, घुगऱ्या वाटून. आणि नावं ठेवतात ती त्यानंतर जन्मभर, कुठल्याही मुहूर्ताशिवाय. मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे असल्या अनुस्वारांकडे माझं जरा जास्तच लक्ष असतं.

इमारतींचंही तसंच. कागदोपत्री त्यांची नावं भारदस्त असतात, पण लोक आपल्या मनानं दुसरंच काहीतरी म्हणतात. आपल्या होस्टेलच्या जुन्या ब्लॉकला 'खुराडं' आणि नव्याला 'काडेपेटी' कोणी म्हटलं हे आज कुणालाच सांगता येणार नाही, पण बोलण्याच्या ओघात रेक्टर सरसुद्धा तेच म्हणून जातात. आता मला सांगा, यात नाव ठेवलं की नावं ठेवली?

हा प्रश्न गेले दोन महिने माझ्या डोक्यात घोळतोय, आणि त्याला कारण आहे केक. साधासुधा नाही, लग्नाचा!

त्याचं असं झालं. माझे बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी, सात बदल्या, सात क्वार्टर्स. आता साताऱ्याला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायचं चाललंय. किचन कुठे, देवघर कुठे, जिना आतून की बाहेरून, सगळ्यावर आईबाबांचं एकमत झालं. गाडी अडली ती 'एलिव्हेशन'वर. (सिव्हिलवाल्यांनो, आपल्या ड्रॉइंगच्या पेपरातलं नव्हे. बाहेरच्या जगात एलिव्हेशन म्हणजे घराची दर्शनी बाजू आणि तिच्यावरची सजावट.) आईला पाहिजे होती दारावर महिरपी कमान, तिच्या दोन बाजूंना नक्षीचे खांब, गच्चीला जाळीचा कठडा आणि खिडक्यांभोवती वेलबुट्टी. आर्किटेक्टनं याचा वेगळा हिशेब काढला : तीन लाख ऐंशी हजार. बाबा म्हणाले, "एवढ्यात वर एक खोली होईल. भाड्यानं दिली तर पेन्शनला हातभार." आणि आर्किटेक्ट हसत हसत म्हणाला, "काकू, मग हे घर नाही, वेडिंग केक होईल हो!"

त्या रात्री आईचा फोन आला. माझं सबमिशन चालू, जर्नलं पसरलेली. "अगं, तुझं इंग्लिश चांगलं म्हणून विचारते. घराला वेडिंग केक म्हणतात ते वाईट असतं का गं?" दहा मिनिटांनी बाबांचा फोन. "तू सिव्हिलची ना? मग तूच समजाव तिला." झालं! पोरीचं कॉन्व्हेंट आणि पोरीचं इंजिनीअरिंग, दोन्ही एकाच रात्री कामाला लागलं. मी दोघांनाही म्हटलं, "शोधून सांगते."

शोधाची सुरुवात रूमपासूनच झाली. माझी रूममेट वसईची. तिची मावशी लग्नाचे केक करते. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या चुलतभावाच्या लग्नाला मी गेले होते, तेव्हा हॉलच्या मागच्या खोलीत केक उभा करताना पाहिला होता. हो, 'उभा करताना'च म्हणायचं! पाच मजली केक तयार होऊन येत नाही, साइटवर इरेक्शन होतं त्याचं. खालच्या थराचा केक मऊ असतो. त्याच्यावर वरचा थर नुसता ठेवला तर तो सरळ खाली रुतेल. म्हणून मावशीनं खालच्या केकमध्ये प्लास्टिकच्या नळ्या उभ्या खुपसल्या, केकच्या उंचीएवढ्याच बरोबर कापल्या, आणि वरच्या केकखाली पातळ गोल पाट दिला. वरच्याचं वजन पाटावर, पाटाचं नळ्यांवर, नळ्यांचं तळाच्या फळीवर. स्लॅब, कॉलम, फूटिंग! आपण तीन वर्षं जे शिकतोय ते मावशी गेली वीस वर्षं क्रीमचे हात पुसत करतेय. आणखी एक गंमत म्हणजे त्या पाच मजल्यांतले वरचे दोन थर्माकोलचे होते. "एवढा केक खाणार कोण? पण फोटोत उंच दिसला पाहिजे ना!" मावशी म्हणाली.

मला वाटलं, हा थर्माकोल म्हणजे आजकालची युक्ती. लायब्ररीत बसल्यावर कळलं की राजघराण्यातही हेच चालत होतं. १८४० साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं, तेव्हाचा केक एकच थर पण सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३५ किलोच्या आसपास. अंड्याचा पांढरा बलक आणि बारीक साखर फेटून करतात ते कडक आयसिंग तेव्हापासून 'रॉयल' म्हणून प्रसिद्ध झालं. पुढे १८५८ साली तिच्या मोठ्या मुलीच्या लग्नात उंच मजली केक आला. पण खरा केक तळाशीच होता, वरचे मजले नुसत्या साखरेचे. म्हणजे मजला खोटा असणं हे या पदार्थाच्या खानदानातच आहे!

आता घराकडे वळू. ज्या घराला जगभर 'वेडिंग केक हाउस' म्हणून ओळखतात ते अमेरिकेत, मेन राज्यातल्या केनेबंक गावी आहे. जॉर्ज बोर्न नावाच्या जहाजं बांधणाऱ्या माणसानं १८२५ च्या सुमारास ते बांधलं. तेव्हा ते अगदी सरळ, चौकोनी, विटांचं घर होतं. बाबांच्या मनातलं घर म्हणा ना! आज त्याचा फोटो पाहिला तर पिवळ्या भिंतींवर पांढऱ्या लाकडाचं एवढं नक्षीकाम दिसतं की खरोखर कुणीतरी आयसिंगची पिशवी घेऊन घरभर फिरलंय असं वाटावं. कोपऱ्याकोपऱ्यावर टोकदार मनोरे, दारावर कमानी, कडेला लेस लावावी तशी झालर.

तिथले लोक एक गोष्ट सांगतात. एका जहाजाच्या कप्तानाचं लग्न ठरलं, पण त्याला तातडीनं समुद्रावर जायचं होतं. लग्न घाईत उरकलं, केक करायला वेळच मिळाला नाही. नवरी हिरमुसली. परत आल्यावर नवऱ्यानं तिच्यासाठी अख्खं घरच केक करून टाकलं. आहे की नाही छान? आमच्या विंगमधल्या सगळ्या मुली ही गोष्ट ऐकून "सो स्वीट!" म्हणाल्या.

पण खरी हकीकत वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त चांगली आहे. बोर्न कप्तान नव्हता, जहाजं बांधणारा होता. त्याचं लग्न १८२५ मध्येच झालेलं. नक्षीकाम आलं त्यानंतर सत्तावीस वर्षांनी! १८५२ मध्ये घरामागच्या कोठाराला आग लागली. आग घरापर्यंत पोचू नये म्हणून मधली जोडशेड पाडून टाकली, आणि घर वाचलं. नवं कोठार बांधताना बोर्नला युरोपात पाहिलेलं मिलानचं कॅथीड्रल आठवलं, आणि त्यानं कोठाराला तसले टोकदार मनोरे लावले. मग नटलेलं कोठार आणि शेजारी साधं घर असं विजोड दिसायला लागलं, म्हणून घरालाही नक्षी. साथीला एक जहाजाचा सुतार होता. हत्यारं हातातली, आणि जहाज बांधताना लाकूड वाकवायची आणि कोरायची सवय झालेले हात. १८५६ मध्ये बोर्न वारला. म्हणजे आयुष्याची शेवटची चार-एक वर्षं हा माणूस स्वतःचं घर सजवत होता.

इथे माझ्यातली सिव्हिलवाली जागी झाली. मिलानच्या कॅथीड्रलला बाहेरून जे दगडी टेकू दिलेत ते शोभेचे नाहीत. आतल्या दगडी कमानींचा छताखालून बाहेर ढकलणारा जोर ते घेतात. टेकूवरचा टोकदार मनोरासुद्धा फुकट उभा नसतो. त्याच्या वजनानं तो आडवा जोर खाली जमिनीकडे वळायला मदत होते. केनेबंकच्या विटांच्या घरात ढकलणाऱ्या दगडी कमानीच नाहीत. तिथले लाकडी टेकू कशालाच टेकू देत नाहीत! आपल्या व्हायवाच्या भाषेत सांगायचं तर, "लोड किती?" "शून्य, सर." तरीही गेली दीडशेहून जास्त वर्षं लोक वाट वाकडी करून ते घर पाहायला जातात. इथे वेडिंग केक हे प्रेमानं ठेवलेलं नाव आहे.

रोममध्ये मात्र याच शब्दांनी नावं ठेवली जातात. तिथे शहराच्या मध्यभागी राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याचं प्रचंड पांढरं स्मारक आहे. काम सुरू झालं १८८५ मध्ये, उद्घाटन १९११ मध्ये, आणि पूर्ण व्हायला १९३५ उजाडलं. संगमरवर, खांबांची रांग, पायऱ्यांवर पायऱ्या. रोमच्या जुन्या इमारतींचा रंग उन्हात भाजल्यासारखा पिवळसर तांबूस, आणि त्यात हे पांढरंशुभ्र. ते उभं करायला टेकडीच्या उतारावरची जुनी वस्ती पाडून टाकली. लोक त्याला कधी 'टाइपरायटर' म्हणतात, कधी 'लग्नाचा केक', आणि दोन्ही म्हणताना तोंड वाकडं करतात. म्हणजे एकच केक. एकाला कौतुक, दुसऱ्याला टोमणा.

न्यूयॉर्कमध्ये तिसराच प्रकार. तिथल्या कितीतरी जुन्या उंच इमारती वर जाताना पायरीपायरीनं अरुंद होत जातात, म्हणून त्यांना वेडिंग केक म्हणतात. पण ती हौस नव्हती, कायदा होता. १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग सरळ भिंतीसारखी वर चढली आणि तिच्या सावलीत रस्तेच्या रस्ते गेले. १९१६ मध्ये नियम आला : अमुक उंचीनंतर इमारत मागे सरकवा, खाली रस्त्यावर उजेड पडू द्या. त्या पायऱ्या दिसतात केकसारख्या, पण त्यांच्या मापात उजेडाचं गणित आहे.

आणि लंडनमध्ये तर गंगा उलटीच वाहिली. फ्लीट स्ट्रीटवर सेंट ब्राइड्स नावाचं चर्च आहे, क्रिस्टोफर रेननं बांधलेलं. त्याचा मनोरा १७०३ च्या सुमारास पूर्ण झाला. एकावर एक अष्टकोनी मजले, प्रत्येक खालच्यापेक्षा लहान, आज उंची २२६ फूट. असं सांगतात की जवळच्या लडगेट हिलवर विल्यम रिच नावाचा एक बेकरीवाला होता. त्याला लग्नासाठी काहीतरी न भूतो न भविष्यति असा केक करायचा होता. त्यानं खिडकीतून मनोऱ्याकडे पाहिलं आणि तसाच मजली केक केला. गोष्ट खरी असो वा नसो, मनोरा पाहिला की पटते! म्हणजे इथे घराला केकचं नाव मिळालं नाही, केकलाच इमारतीचा घाट मिळाला.

या वाचनात मला सगळ्यात जास्त लागली ती एक छोटीशी माहिती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेची इतकी टंचाई झाली की १९४० साली केकवर साखरेचं आयसिंग करायलाच बंदी आली. पण लग्नं थोडीच थांबतात? मग बेकरीवाले पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा पोकळ मजली केक भाड्यानं द्यायला लागले. आत मिळेल त्या सामानाचा छोटासा केक, वर हे पांढरं नक्षीदार टोपण. फोटो काढायचा, टोपण उचलायचं, छोटा केक कापायचा, टोपण पुढच्या लग्नाला. त्याच वर्षी डिसेंबरात बॉम्बहल्ल्यात सेंट ब्राइड्स चर्च आतून जळून गेलं. मनोरा तेवढा उभा राहिला. (१९५७ मध्ये चर्च पुन्हा उभं झालं.)

ही माहिती वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. आपले सर म्हणतात, स्ट्रक्चर आधी, सजावट परवडली तर. बरोबरच आहे. पण इथे माणसांना साखर नाही, लोणी नाही, रात्री झोपायची शाश्वती नाही, आणि ती पुठ्ठ्याचा केक भाड्यानं आणतायत! पोट भरायला नाही, तर आजचा दिवस कालच्यासारखा नाही हे कुणीतरी डोळ्यांनी पाहावं म्हणून. ही गरज कुठल्या कोडमध्ये बसवायची?

आणि मग मला आमच्या क्वार्टर्स आठवल्या. सात गावं, पण घर एकच. तोच पिवळा डिस्टेंपर, तोच हिरवा दरवाजा, दरवाज्यावर काळ्या रंगात नंबर. पाहुण्यांना पत्ता सांगायचा तर "तिसरी बिल्डिंग, डावीकडून दुसरं दार." बदलीची ऑर्डर आली की आई आधी भांडी बांधत नसे. आधी भिंतीतले खिळे उपटायची, आणि ओला साबण बोटानं दाबून एकेक भोक बुजवायची. क्वार्टर होती तशी परत करायची असते ना! कॅलेंडरचा खिळा, माझ्या बक्षिसाच्या फोटोचा खिळा, आजीच्या तसबिरीचा खिळा. सात वेळा तिनं आपण इथे राहिलो याची खूण स्वतःच्या हातानं पुसलीय. अशा बाईला दारावर कमान हवी असेल, तर तो बडेजाव म्हणायचा का?

बाबांचंही चुकत नाही. पीएफ एकदाच मिळतो, माझं शेवटचं वर्ष अजून बाकी आहे, आणि पेन्शनीत किती भागतं हे त्यांनी आपल्या मोठ्या भावाकडे पाहिलंय. वरची खोली म्हणजे त्यांच्यासाठी झोप आहे.

मी आर्किटेक्टकडून ड्रॉइंग मागवलं आणि मेसच्या टेबलावर वहीत तीन रकाने पाडले. पहिला, काम करणारी सजावट. दुसरा, काम न करणारी पण खोटं न बोलणारी. तिसरा, खोटं बोलणारी. गच्चीची जाळी पहिल्यात गेली, वारा येऊ देते, ऊन अडवते. खिडकीवरचे छज्जे पहिल्यात. त्यांच्या खालच्या कडेला खाच ठेवली की पावसाचं पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच टपकतं. वेलबुट्टी दुसऱ्यात. बोर्नचं सगळं घर या दुसऱ्या रकान्यात बसतं, लाकूड लाकडासारखंच दिसतं आणि कोरणाऱ्याचा हात दिसतो. खांब तिसऱ्यात. ते आतून पोकळ, वर पीओपी. साताऱ्याच्या पावसात पीओपी बाहेर किती टिकणार हे मी सांगायला नको. कमानही तिसऱ्यात. खरं वजन आतला आरसीसी लिंटल घेणार, कमान नुसती चिकटवलेली.

रविवारी मी आईला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. केनेबंकची आग, रोमचं स्मारक, पुठ्ठ्याचा केक, सगळं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझे खांब वजन घेत नाहीत?"

"नाही गं. मावशीच्या केकच्या वरच्या मजल्यासारखे आहेत."

"मग काढून टाक ते. वेलबुट्टी पण राहू दे." थोडं थांबून म्हणाली, "कमान खरी करता येत नाही का?"

येते की! घडीव दगडांची कमान स्वतःचं आणि वरच्या भिंतीचं वजन स्वतः पेलते. लिंटल लागत नाही, फक्त दोन्ही बाजूंना भिंत भक्कम हवी. साताऱ्याला काळा दगड आहे, घडवणारे पाथरवट आहेत. मी छोटं स्केच करून पाठवलं. कमान, छज्जे, जाळी मिळून खर्च एक लाख दहा हजारांवर आला. उरलेल्या पैशांत बाबांची खोली पूर्ण होत नाही, पण पिलर वर काढून ठेवता येतात, पुढेमागे चढवायला.

बाबांनी आकडे दोनदा तपासले. म्हणाले, "दगड बघायला मी स्वतः जाणार. भेगाळलेला खपवतात."

परवा पायाची आखणी झाली. चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या. आईनं त्यांचा फोटो पाठवला. मी विचारलं, "घराचं नाव काय ठेवायचं ठरलं?" बाबा आजीचं नाव म्हणतायत, भाऊ काहीतरी इंग्लिश सुचवतोय.

"पाटीवर काय लिहायचं ते लिहा," आई म्हणाली. "रिक्षावाल्याला 'कमानीचं घर' सांगितलं आणि त्यानं बरोबर आणून सोडलं, की माझं झालं."